आयझॅक वॉल्टन : नदीकाठचा कापडवाला

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सतरावे शतक आले की आपण मिल्टन, ड्रायडन, बनियन या नावांभोवती घुटमळतो. परीक्षेलाही तेच येतात. आयझॅक वॉल्टनच्या वाट्याला फार तर दोन ओळी : काही चरित्रांचा लेखक, आणि मासे धरण्याच्या कलेवरील 'द कम्प्लीट अँग्लर' या पुस्तकाचा कर्ता. मीही त्या दोन ओळी पाठ करून पुढे गेलो होतो. नंतर ग्रंथालयात ते पुस्तक हाती लागले आणि त्यावरून एका मित्राशी वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, ज्याच्या देशात यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, धर्माची घडी विस्कटली, त्या माणसाने गळाला गांडूळ कसे लावावे यावर पुस्तक लिहिणे हा शुद्ध पलायनवाद होय. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. म्हणून वॉल्टनचे चरित्र मुळापासून वाचून काढले. ते इथे सांगतो. मित्राने वाटल्यास पुन्हा वाद घालावा.

वॉल्टन जन्मला १५९३ साली, इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्ड या गावी. बाप दारूचा गुत्ता चालवीत असे. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तोच बाप वारला. थोडे शिक्षण गावात झाले असावे. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. पोरवयात तो लंडनला गेला, धंदा शिकला आणि १६१८ मध्ये लोखंडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला. गंमत अशी की संघ लोखंडवाल्यांचा, पण हा विकत असे कापड. फ्लीट स्ट्रीट आणि चॅन्सरी लेन या गजबजलेल्या भागात त्याची वस्ती होती. म्हणजे आपला हा निसर्गप्रेमी लेखक भर बाजारपेठेतला दुकानदार! नदीवर जायचे तर शहर सोडून पायपीट करावी लागे.

त्याच्या वस्तीतल्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये १६२४ साली एक नवा धर्मोपदेशक आला. त्याचे नाव जॉन डन. कवी डन आपल्याला अभ्यासाला असतो. वॉल्टनला तो प्रवचनकार म्हणून भेटला आणि एका कापडवाल्याची त्या काळच्या थोर विद्वानाशी ओळख वाढत गेली. १६३१ मध्ये डन वारला. त्याचे चरित्र सर हेन्री वॉटन लिहिणार होता. वॉटन म्हणजे व्हेनिसमध्ये वकिली केलेला मुत्सद्दी, ईटनच्या विद्यालयाचा प्रमुख आणि गळ टाकून बसण्याचा शौकीन. वॉल्टनने त्याच्यासाठी माहिती गोळा करायची असे ठरले होते. पण १६३९ मध्ये वॉटनही गेला. डनच्या प्रवचनांचा संग्रह तर छापायला निघालेला. तेव्हा वॉल्टनने स्वतःच लेखणी हाती घेतली. १६४० मध्ये ते चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाचे वय सत्तेचाळीसच्या घरात होते. पुढे त्याने वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. शेवटचे १६७८ चे, म्हणजे पंच्याऐंशीव्या वर्षीचे. या चरित्रांत एक दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. वॉल्टनच्या हाताखालून गेलेला प्रत्येक माणूस थोडा संत होऊनच बाहेर पडतो. डनच्या तरुणपणीच्या उनाडक्यांवरून तो हलक्या हाताने पडदा ओढतो. तरीही डॉक्टर जॉन्सनसारख्या कडक टीकाकाराला ही चरित्रे अतिशय प्रिय होती.

घरची कथा मात्र वाचवत नाही. १६२६ मध्ये रेचल फ्लडशी त्याचे लग्न झाले. सात मुले झाली. एकही जगले नाही. १६४० मध्ये, ज्या वर्षी डनचे चरित्र छापून झाले त्याच वर्षी, रेचलही गेली. काही वर्षांनी त्याने अ‍ॅन केनशी दुसरे लग्न केले. या संसारातली एक मुलगी आणि एक मुलगा तेवढी मोठी झाली.

आता देशाची कथा. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. वॉल्टन राजाच्या पक्षाचा, आणि त्याहूनही जुन्या इंग्लिश चर्चचा माणूस. त्याच्या डोळ्यांदेखत नेहमीच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली, बिशपांची पदे रद्द झाली, त्याचे कितीतरी उपदेशक मित्र चर्चमधून हाकलले गेले. जानेवारी १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचे मस्तक वधस्तंभावर उडाले. १६५१ च्या सप्टेंबरात वुस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्सचा पराभव झाला आणि तो जीव घेऊन पळाला. पळापळीत त्याचे एक रत्नजडित मानचिन्ह स्टॅफर्डशरमधल्या एका घरात लपवून ठेवावे लागले. या हातातून त्या हातात असे करीत ते वॉल्टनकडे आले. ते त्याने लंडनला नेले आणि टॉवरच्या तुरुंगात असलेल्या कर्नल ब्लॅगकडे पोचवले. ब्लॅग पुढे तुरुंगातून निसटला आणि मानचिन्ह राजाला मिळाले. अंगावर ते सापडते तर वॉल्टनची गय झाली नसती. त्या वेळी तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. माझ्या मित्राला ही हकिगत ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

यानंतर दोन वर्षांच्या आत, १६५३ च्या वसंतात, ते पुस्तक निघाले. एप्रिलमध्ये क्रॉमवेलने सैनिक नेऊन पार्लमेंटच बंद पाडले होते. मे महिन्यात पुस्तकाची जाहिरात झाली. किंमत दीड शिलिंग. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते.

पुस्तक संवादरूप आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी लंडनच्या उत्तरेला टॉटनहॅमच्या टेकडीवर वाटसरूंची गाठ पडते. पहिल्या आवृत्तीत दोघे होते. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिघे झाले : एक गळ टाकणारा, एक शिकारी कुत्र्यांचा नादी आणि एक ससाणे पाळणारा. चालता चालता ते आपापल्या छंदाची बाजू मांडतात. ससाणेवाला निरोप घेतो, शिकारी मात्र गळवाल्याचा शिष्य होतो, आणि पुढचे दिवस दोघे ली नदीच्या काठाने हिंडतात. पाऊस आला की झाडाखाली बसतात, रात्री खाणावळीत मासे शिजवून खातात, गाणी म्हणतात. एक गवळण आणि तिची आई भेटते. त्यांना एक मासा देऊन त्या बदल्यात गाणी ऐकतात.

वरवर पाहता यात राजकारण नावालाही नाही. पण हा वाद लिहिला केव्हा, ते पाहावे. नुकतीच दहा वर्षे या देशात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले होते. अशा वेळी वॉल्टन तीन माणसांना रस्त्यावर आणतो, तिघांची मते वेगळी, प्रत्येक जण हिरिरीने बोलतो, आणि कोणाच्या अंगाला ओरखडाही उठत नाही. हरलेला माणूस जिंकणाऱ्याच्या पानाला पान लावून जेवतो. याला पलायन म्हणायचे असेल तर म्हणावे. मला हे पुस्तक, हरलेल्या बाजूच्या माणसाने राग न धरता दिलेले उत्तर वाटते.

वॉल्टनला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्याने पुष्कळ मजकूर आधीच्या पुस्तकांतून घेतला. १५७७ साली छापलेल्या मासेमारीवरील एका संवादाची एकच प्रत विसाव्या शतकाच्या मध्यास सापडली. त्यात वॉल्टनच्या रचनेचे मूळ स्पष्ट दिसते. पाइक नावाचा मासा एका पाणवनस्पतीतून उपजतो असेही त्याला वाटे. क्रॉमवेलच्या सैन्यातला रिचर्ड फ्रँक हा स्वतः पट्टीचा मासेमार. त्याने यावरून वॉल्टनची यथेच्छ टवाळी केली. आणि बेडूक! गळात जिवंत बेडूक कसा ओवावा ते सांगताना वॉल्टन बजावतो की, जणू आपले त्या बेडकावर प्रेम आहे अशा हळुवारपणे हे करावे. कवी बायरनला हा दांभिकपणा सहन झाला नाही. त्याने आपल्या काव्यात वॉल्टनच्याच घशात गळ अडकवून ट्राउटकरवी ओढवण्याची इच्छा व्यक्त केली आहे. आमच्या घरी आजीने तो उतारा ऐकला असता तर तिने बायरनचीच बाजू घेतली असती.

आता ट्राउटकडे येऊ. या माशाला मराठीत नाव नाही, कारण तो आपल्या नद्यांत नाही. त्याला थंड, स्वच्छ, खळाळते पाणी लागते. इंग्रजांनी पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर विलायतेहून त्याची अंडी आणून काश्मीरच्या नद्यांत त्याची पैदास केली, तेव्हा कुठे तो हिमालयात दिसू लागला. हा मासा पाण्यावर तरंगणारे आणि पाण्यातून वर येणारे किडे खातो. म्हणून त्याला फसवायचे तर गळावर रेशीम, लव आणि पिसे गुंडाळून हुबेहूब किडा करायचा आणि तो अलगद पाण्यावर सोडायचा. आपल्या भाषेत गमतीने म्हणायचे तर माशीने मासा धरायचा. पण किडे ऋतूप्रमाणे बदलतात. जानेवारीत जी माशी चालते ती मे महिन्यात मासा ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा या कलेत पंचांग आधी आणि काठी मागून.

नेमक्या या विषयात वॉल्टन कच्चा होता. गांडूळ, टोळ, लहान मासळी यांवर त्याचा हात बसलेला. माशीचे ज्ञान त्याने टॉमस बार्कर नावाच्या स्वयंपाक्याच्या पुस्तकातून आणि १४९६ साली छापलेल्या एका जुन्या निबंधातून घेतले. त्या निबंधातल्याच बारा माश्या त्याने दिल्या आणि ट्राउटला दोषी ठरवणारी बारा जणांची ज्यूरी म्हणून त्यांची ओळख करून दिली. विनोद चांगला आहे, पण विषय तेवढ्याने भागत नाही, हे त्याला कळत असावे. कारण पुढे त्याने जे केले ते लेखकांत फारसे कोणी करीत नाही. आपल्या गाजलेल्या पुस्तकातली उणी जागा भरायला त्याने दुसऱ्याला बोलावले.

हा दुसरा म्हणजे चार्ल्स कॉटन. जन्म १६३०, म्हणजे शिवनेरीवर शिवराय जन्मले तेच वर्ष. वॉल्टनहून तो सदतीस वर्षांनी लहान. डर्बीशर आणि स्टॅफर्डशर यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या डव्ह नदीकाठी बेरेसफर्ड हॉल हा त्याचा वाडा. तो जमीनदार, कवी आणि पुढे माँतेनच्या निबंधांचा इंग्रजी अनुवादक. पण स्वभावाने वॉल्टनच्या अगदी उलट : खर्चिक, चावट काव्ये लिहिणारा आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला. सावकार आले की तो घराजवळच्या गुहेत लपत असे, असे सांगतात. या उडाणटप्पू जमीनदाराने देवभोळ्या कापडवाल्याला वडील मानले. १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वर्षी, कॉटनने डव्हच्या काठावर एक दगडी खोली बांधली आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. सर्व गळकऱ्यांना ती वास्तू अर्पण केल्याचा लॅटिन मजकूरही तिथे आहे. ती खोली अजून उभी आहे.

१६७६ मध्ये वॉल्टनच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघायची होती. कॉटनने दहा-बारा दिवसांत दुसरा भाग लिहून हातावेगळा केला. त्यातही संवादच आहे. एक प्रवासी डोंगर उतरताना घाबराघुबरा होतो, कॉटनच्या वाड्यावर मुक्काम करतो आणि त्या दगडी खोलीत बसून माशी बांधायला शिकतो. पण या भागाचे खरे वैभव म्हणजे माश्यांचे बारमाही कोष्टक. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत साठाहून अधिक माश्या, आणि प्रत्येकीचा मालमसाला वेगळा. जानेवारीत लालसर तपकिरी माशी. तिच्यासाठी लांब केसांच्या काळ्या कुत्र्याच्या शेपटीचे केस घ्यायचे, कारण त्या केसांचा रंग काळाने उतरून लालसर होतो. पंख रानबदकाच्या पिसांचे. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढू लागते तशी यादी लांबत जाते. अस्वलाची लव, उंटाचे केस, सशाच्या शेपटीचा पांढरा भाग, डुकराची मऊ लव, आणि हो, मोराच्या पिसाचे धागेही. हा पक्षी मूळचा आपला, हे वाचताना उगाचच बरे वाटते.

कॉटनचा खरा उत्सव मे महिन्यात. एप्रिलच्या मध्यालाच दगडमाशी येते, पण ती गुण देते मे अर्ध्यावर आल्यावर. वीस मेच्या सुमारास 'ग्रीन ड्रेक' ही हिरवट पिवळी माशी येते. (तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी दिनदर्शिका चालू होती. आजच्या हिशेबाने तो तीस मे होतो.) या माशीचे जीवन मोठे विलक्षण आहे. सुमारे दोन वर्षे ती नदीच्या तळच्या गाळात अळीरूपाने राहते. मग एके दिवशी पाण्याच्या पृष्ठभागावर येते, कात टाकते, पंख पसरते. पंख फुटल्यावर तिला खाण्यापुरते तोंडच उरत नाही. एक-दोन दिवसांत तिचे मीलन होते, ती पाण्यात अंडी घालते आणि मरते. त्या दिवसांत ट्राउट असा सुटतो की त्याचा नेहमीचा भित्रेपणा जातो. पितृपक्षातल्या आपल्या कावळ्यांची आठवण व्हावी! जुलै-ऑगस्टपासून उत्सव ओसरतो. सप्टेंबरात दोनचार तपकिरी माश्या उरतात. शरदात मासा अंडी घालायला लागतो आणि रोडावतो. डिसेंबरात कॉटन एकच माशी सांगतो. ती हातात धरली तर लाल दिसावी आणि डोळा व सूर्य यांच्यामध्ये धरली तर पिवळसर. पाण्यात वितळलेले बर्फ नसेल आणि दिवस उबदार असेल तर तिने मासा लागतो, पण एवढ्या खटाटोपाचे चीज होत नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

कोष्टक पाठ करून भागत नाही, हेही त्याला माहीत आहे. वर्ष लवकर तापले तर माशी लवकर येते, उशिरा तापले तर उशिरा. म्हणून पहिला मासा मिळाला की त्याचे पोट चिरून आत कोणती माशी आहे ते पाहावे आणि तशीच बांधावी. काठी पंधरा ते अठरा फुटांची. आजच्यासारखे दोरी गुंडाळण्याचे चाक तिला नसे. घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी काठीच्या टोकालाच बांधायची आणि ती गळाकडे निमुळती होत जाऊन शेवटी फक्त दोन केसांची उरावी. मोकळ्या पाण्यात दोन केसांवर वीस इंची ट्राउट काढता येत नसेल त्याने स्वतःला गळकरी म्हणवू नये, असे त्याचे मत. पाणी नितळ असल्याने माणसाने दूर उभे राहावे आणि दोरी बारीक ठेवावी, ही त्याची मुख्य शिकवण. माशीने मासे धरणारे आजही तीच सांगतात.

एप्रिल १६७६ च्या अखेरीस वॉल्टनने कॉटनला आभाराचे पत्र लिहिले. वय त्र्याऐंशीव्या वर्षात, मधले अंतर शंभर मैलांहून जास्त. ही दोन्ही विसरून पुढच्या महिन्यात आपण यात्रेला निघणार असे त्याने कळवले. पुढचा महिना म्हणजे मे. दगडमाशीचा आणि ग्रीन ड्रेकचा.

राजपुत्र १६६० मध्ये राजा म्हणून परतला होता. मानचिन्ह पोचवणाऱ्या वॉल्टनने त्याबद्दल काही मागितले नसावे. बिशप मॉर्ली या मित्राचा कारभार पाहत तो आधी वुस्टरला आणि मग विंचेस्टरच्या बाजूला राहिला. १६६२ मध्ये दुसरी पत्नीही गेली. कॉटनला १६८१ मध्ये वाडा विकावा लागला. १६८७ मध्ये तो लंडनला वारला.

वॉल्टनने ९ ऑगस्ट १६८३ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, मृत्युपत्र लिहायला घेतले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला, विंचेस्टरमध्ये जावयाच्या घरी त्याचे निधन झाले. ट्राउटसाठी नावाजलेली इचिन नदी जवळून वाहते त्या विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले. त्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठून तिच्यावर दुकाने लागली होती.

मृत्युपत्रात त्याने मित्रांना आठवणीच्या अंगठ्या ठेवल्या. गावाजवळच्या शॅलोफर्ड येथल्या शेताची व्यवस्थाही लावून दिली. मुलाचा वंश चालला नाही तर ते शेत स्टॅफर्ड गावाला मिळावे. त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी दोन गरीब मुलांना धंदा शिकायला लावावे, एखाद्या मोलकरणीच्या किंवा गरिबाच्या मुलीच्या लग्नाला मदत करावी, आणि उरलेल्या पैशांतून गावातल्या गरिबांना कोळसा वाटावा. कोळसा केव्हा वाटायचा तेही त्याने लिहून ठेवले आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या, कारण गरिबांना सर्वांत जड जाणारे दिवस ते, असे त्याने पाहिले होते.